तळ्याखालची नदी

वेरूळ, दौलताबाद, मकबरा, पाणचक्की. छत्रपती संभाजीनगरला एका दिवसासाठी आलेल्या पाहुण्याला हा क्रम सांगावा लागत नाही, गाडीवालाच तो ठरवून टाकतो. संध्याकाळी पाणचक्कीच्या हौदाशी सगळे दमून टेकतात, तेव्हा बरोबरचं एखादं पोर विचारतंच, "इथे बोटिंग नाही का?" मोठी माणसं हसतात. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. जगातल्या बहुतेक जुन्या शहरांमध्ये त्याचं उत्तर 'आहे' असं मिळतं. लंडनमध्ये सकाळी गाईडबरोबर टॉवर पाहायचा आणि दुपारी टेम्सवरच्या बोटीने ग्रिनिचला जायचं, हे दोन्ही एकाच दिवसात बसतं. मग आपल्याकडे का बसत नाही?

सोपं उत्तर असं की या शहराला नावेजोगी नदी नाही. खाम आहे, पण ती पावसाळ्यापुरती नदी आणि एरवी नाला. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवलं तेव्हा त्याने नदीच्या भरवशावर राहायचंच नाही असं ठरवलेलं दिसतं. त्याने डोंगरपायथ्याच्या जमिनीत झिरपलेलं पाणी गोळा करून जमिनीखालच्या नळांतून शहरात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. पुढे औरंगजेबाच्या काळात आणि त्यानंतरही अशा नहरी वाढत गेल्या. हर्सूलकडून आलेल्या एका नहरीचं पाणी पाणचक्कीच्या उंच भिंतीत चढतं आणि वरून हौदात कोसळतं. अठराव्या शतकात त्या पाण्यावर इथे पिठाचं जातं फिरायचं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांचं आणि वाटसरूंचं पीठ त्यातून निघायचं.

या हौदाची गंमत अशी की त्याचा तळ म्हणजे खालच्या मोठ्या दालनाचं छत आहे. डोक्यावर एवढं पाणी घेऊन ते दालन उन्हाळ्यात गार राहतं. पोराला नाव हवी असते आणि आपण त्याला पाण्याच्या खाली उभं करू शकतो. गाईड चांगला असेल तर तो आधी वर हौद दाखवतो आणि मग काही न बोलता खाली घेऊन जातो. घाईतला गाईड वरच सगळं सांगून मोकळा होतो आणि खालचं दालन राहून जातं. पाहण्याचा क्रम चुकला की गोष्टीतला जीवच जातो, हे त्या दोन जिन्यांच्या अंतरात कळतं.

नाव आणि गाईड एकत्र आणायचे तर काय लागतं? महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर याची दोन टोकं पाहायला मिळतात. एक घारापुरी. गेटवेपासून लाँच सुटते, तासाभराने बेटाला लागते. तिथून पायऱ्या चढून लेण्यांपाशी पोहोचल्यावर गाईड भेटतो आणि सदाशिवाच्या तीन मुखांपुढे उभं करून बोलायला लागतो. तोवरचा एक तास मात्र मुका. समोर नौदलाच्या गोद्या, तेलाची जहाजं, पलीकडे तुर्भ्याच्या टेकड्या. बेटावर शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तीन गावं आहेत आणि तिन्ही नावांत बंदर आहे. म्हणजे लेणी खोदली गेली ती एका वाहत्या बंदराच्या माथ्यावर. हे सांगायची जागा लाँचचा वरचा मजला आहे, पण तिथे लोक चहा पीत असतात आणि समुद्रपक्ष्यांना चिवड्याचे दाणे टाकत असतात. तिकिटं दोन आणि गोष्टी पण दोन, एकमेकींना न भेटणाऱ्या.

दुसरं टोक राजपुरी. तिथून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात आणि नाव हाकणाऱ्यांपैकीच कुणीतरी किल्ल्यात पुढे होऊन माहिती सांगतो. शिडाची होडी लागते कशी, तटाच्या एवढ्या जवळ जाईपर्यंत दरवाजा का दिसत नाही, एकोणीस बुरुजांपैकी कोणता कुठे तोंड करून आहे, हे त्याला पुस्तकातून कळलेलं नसतं. होडी वळते तेव्हा दरवाजा अचानक समोर येतो आणि तो म्हणतो, "आता दिसला ना?" त्या एका वाक्यात किल्ल्याच्या रचनेचं अर्धं रहस्य असतं. त्याच्या सनावळीत चुका असतील, तोफांचे पल्ले तो मनाला येतील तेवढे वाढवत असेल. वेळही तासाभराच्या आतला, कारण पुढची होडी भरलेली असते. तरी मला विचाराल तर घारापुरीच्या पदवीधर गाईडपेक्षा हा राजपुरीचा माणूस मला जवळचा वाटतो. पाणी आणि दगड एकाच तोंडून ऐकायला मिळतात.

आता मराठवाड्याकडे परतू. शहराच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे आणि तिथे नाव, नदी, इतिहास तिन्ही आहेत. निदान नकाशावर तरी.

'तीर्थ' हा शब्द ज्या 'तॄ' धातूपासून आला त्याचा अर्थ तरून जाणं, पार होणं. तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडायची जागा, पाण्यात उतरायची वाट. पुण्य त्या जागेला नंतर चिकटलं. गावोगावच्या नदीवर नावेने पलीकडे सोडणारी जी 'तर' असायची, तीही याच कुळातली. जुन्या काळातली तीर्थयात्रा म्हणजे वाटाड्या उपाध्याय, घाट, नाव आणि देऊळ यांची एकत्र सहलच होती. उपाध्याय सांगायचा, नावाडी पलीकडे न्यायचा. आज आपण ज्याला पर्यटनातली नवी कल्पना म्हणतो, ती आपल्या एका शब्दाच्या पोटात आधीपासून आहे.

पण पैठणच्या बाबतीत एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. सातवाहनांची राजधानी एवढ्या मोठ्या नदीवर, म्हणजे तिथे गलबतांची वर्दळ असणार, असं चित्र मनात येतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने लाल समुद्र आणि हिंदी महासागरातल्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे, ती 'पेरिप्लस' नावाने ओळखली जाते. त्यात पैठण आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तेर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून कापड भडोचला जायचं, तेही गाड्यांमधून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून. लिहिणारा माणूस दर्यावर्दी, बंदरांचा जाणकार. गोदावरीतून माल हलत असता तर त्याने ते सोडलं नसतं. कारण उघड आहे: व्यापार पश्चिमेच्या समुद्राकडे आणि गोदावरी वाहते पूर्वेला. शिवाय दख्खनची नदी चार महिने उधाणलेली आणि आठ महिने गुडघाभर.

म्हणून इथली नाव वाहतुकीची नव्हती, ओलांडायची होती. आणि ओलांडणं जमलं नाही की काय होतं, याचा दाखला पैठणच्या खालच्या अंगाला राक्षसभुवनला आहे. १० ऑगस्ट १७६३. निजाम अली औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या संभाजीनगरकडे निघालेला, गोदावरीला पूर. तो स्वतः काही फौजेसह पलीकडे पोहोचला होता आणि दिवाण विठ्ठल सुंदर पिछाडीसह अलीकडेच अडकला. तेवढ्यात माधवराव आणि राघोबादादांच्या फौजा येऊन भिडल्या. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजाम पलीकडच्या काठावरून पाहत राहिला. नावा पुरेशा असत्या किंवा पाऊस आठवडाभर लांबला असता तर मराठवाड्याचा पुढचा इतिहास जरा वेगळ्या वळणाने गेला असता. हे सांगायला नदीकाठासारखी जागा नाही. वाचून ते कळतं, पण भरल्या पात्राकडे पाहताना पटतं.

मग पैठणला असा काठ कुठे आहे? इथेच घोळ आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म तेच आहे.

१९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणच्या अगदी उशाला धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. धरणाचं नाव जायकवाडी. खरं तर जायकवाडी हे बीड जिल्ह्यातलं गाव. हैदराबाद संस्थानच्या काळात धरणाची पहिली कल्पना तिथली होती. जागा बदलली, नाव तसंच राहिलं. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, आणि भिंतीमागे साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला नाथसागर. एकूण साठा शंभराहून थोडा अधिक टीएमसी. एवढं पाणी, पण खोली त्या मानाने कमी. सपाट मुलखात भिंत घातली की पाणी उंच चढण्याऐवजी आडवं पसरतं. काही ठिकाणी पलीकडचा काठ दिसतच नाही. वारा सुटला की या उथळ पसाऱ्यात समुद्रासारख्या लाटा उठतात.

आता पैठणचा नकाशा डोळ्यापुढे आणा. नागघाट, संत एकनाथांचं समाधी मंदिर, जुनं गाव, उत्खननांत निघालेल्या प्राचीन वस्तीच्या टेकाडांचा परिसर, हे सगळं भिंतीच्या खालच्या अंगाला. नाव चालवता येईल असं पाणी भिंतीच्या वरच्या अंगाला. म्हणजे इतिहास एका बाजूला आणि तळं दुसऱ्या बाजूला, मध्ये दहा किलोमीटरची मातीची भिंत. घाटावरून नावेत बसलात तर पुढे बेताचंच पात्र आणि नावेत बसायचं तर घाट सोडून भिंतीपलीकडे जायचं. 'पैठण दर्शन आणि नौकाविहार' असं फलकावर लिहायला किती सोपं, पण त्यातल्या 'आणि' या शब्दावर अख्खं धरण उभं आहे.

असंच संकट दुसऱ्यांवरही आलं होतं. सातवाहनांनंतर आंध्रात राज्य केलेल्या इक्ष्वाकूंची राजधानी विजयपुरी कृष्णेच्या खोऱ्यात होती. नागार्जुनसागराचं धरण घालायचं ठरलं तेव्हा हे सगळं बुडणार हे आधीच स्पष्ट होतं. १९५४ पासून सहा वर्षं तिथे उत्खनन चाललं. मग निवडक वास्तूंचे अवशेष एका टेकडीवर नेऊन पुन्हा रचले. पाणी चढल्यावर ती टेकडी बेट झाली आणि तिच्यावर संग्रहालय उभं राहिलं. आज नागार्जुनकोंड्याला जायचं तर लाँचशिवाय वाट नाही. लाँच ज्या पाण्यावरून जाते त्याच्याच तळाशी ती राजधानी आहे, आणि बेटावर उतरल्यावर तिचेच दगड भेटतात. इजिप्तमध्ये आस्वानच्या धरणामुळे फिलीचं देऊळ शेजारच्या बेटावर हलवलं, तिथेही प्रवासी नावेनेच जातात. धरणाने इतिहास बुडवला आणि धरणानेच नावेला कारण दिलं, असा हा विचित्र सौदा आहे.

आपल्याकडे याचं घरगुती रूप उजनीवर आहे. इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं देऊळ भीमेच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते वर येतं आणि मच्छीमार लोकांना होडीतून तिथे नेतात. भिगवणला तेच लोक हिवाळ्यात रोहित पक्षी दाखवतात. कुणी योजना आखलेली नाही. ज्यांची गावं पाण्याखाली गेली, त्यांना पाणी तोंडपाठ होतं, एवढंच. कुठे विहिरीचा कठडा आहे, कुठे जुना रस्ता, कुठे नाव घासेल. हे ज्ञान मासे धरताना लागतं आणि तेच पाहुण्याला दाखवताना उपयोगी पडतं.

नाथसागरावर भोई, कोळी, कहार यांच्या होड्या आहेत आणि चप्पू म्हणतात त्या होड्याही. मलिक अंबर हबशी मुलखातून गुलाम म्हणून विकला गेला, त्याआधी त्याचं नाव चापू होतं असं सांगतात. शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण ज्याने या भागाला जमिनीखालचं पाणी दिलं त्याचं नाव जमिनीवरच्या पाण्यातल्या होडीशी जुळावं, याची मला गंमत वाटते.

तर मग सहल जुळवायची कुठे? मला विचाराल तर पैठणला नाही, टोक्याला. संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता कायगाव टोक्यापाशी गोदावरी ओलांडतो. तिथेच प्रवरा गोदेला मिळते. आपण पुलावरून गाडीतून झर्रकन जातो, एखादा भाविक खिडकीतून नाणं टाकतो, झालं. पण खाली पेशवेकाळातलं सिद्धेश्वराचं देऊळ आहे, भिंतींवर बारीक कोरीवकाम आहे आणि घाटाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. नाथसागराचं शेपूट इथवर पोहोचतं. म्हणजे दगड आणि पाणी भिंतीच्या एकाच बाजूला. पूल, संगम, घाट आणि देऊळ एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. इथून प्रवरेच्या काठाने वर गेलं की नेवासे. ज्ञानेश्वरी तिथे सांगितली गेली, शके १२१२, म्हणजे १२९० साली. तिथेच १९५४ नंतर हसमुख सांकलियांनी उत्खनन केलं आणि अश्मयुगापासूनचे थर उकलले. रोममधून आलेल्या मद्यकुंभांची खापरंही तिथे सापडली. एका दिवसात संगमावर तासभर नावेतून आणि मग नेवाशात ज्ञानेश्वरीची आठवण सांगणाऱ्या पैसाच्या खांबाशी, एवढं पाहिलं तरी भरपूर होतं. त्याला पैठण जोडायचं तर दुसऱ्या दिवशी, आणि तेही पायी.

पैठण पायीच पाहावं. नाथांच्या वाड्यातला रांजण, श्रीखंड्याच्या रूपात देवाने बारा वर्षं कावडीने गोदेचं पाणी आणून भरला अशी कथा असलेला. दर वर्षी नाथषष्ठीच्या आधी तो भरायची प्रथा अजून आहे. मग पैठणीचे माग. आणि शेवटी समाधी मंदिर, जिथे १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदेच्या पाण्यात देह ठेवला अशी परंपरा आहे. या वाटेवर पाणी सतत सोबत आहे, फक्त ते कावडीत, रांजणात आणि कथेत आहे. नाव नसली तर बिघडत नाही.

ऋतूचं मात्र भान हवं. बाहेरच्या पाहुण्याला ते नसतं आणि सहल काढणाऱ्यांनाही बरेचदा नसतं. पावसाळा चांगला झाला तर ऑक्टोबरात तळं काठोकाठ असतं, नोव्हेंबरापासून पक्षी येऊ लागतात. चक्रवाक, पट्टकादंब, करकोचे, रोहित. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे मोटारबोटींची धडधड इथे नकोच. उन्हाळा लागला की पाणी मागे सरकतं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरतात. त्याला गाळपेर म्हणतात. जानेवारीत ज्या जागेवरून होडी गेली तिथे मे महिन्यात पीक उभं असू शकतं. २०१६ च्या उन्हाळ्यात तर साठा मृतसाठ्यात गेला होता. शिवाय संभाजीनगर आणि जालन्याला पिण्याचं पाणी इथूनच जातं. ज्या तळ्याकडे शहर रोज टक्केवारीत पाहतं, 'धरण किती टक्के?' म्हणून विचारतं, त्यावर ठरलेल्या वेळापत्रकाची बोट चालवणं म्हणजे पावसाशी करार करणं. सुरक्षेचं तर बोलायलाच नको. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीच्या वाटेवर 'नीलकमल' लाँचला नौदलाची बोट धडकून डझनाहून अधिक माणसं गेली. त्यात वाऱ्याचा दोष नव्हता. नाथसागरावर तर वारा नेहमीचाच.

याच पाण्यावर एक प्रवास रोज चालायचा आणि त्याला कुणी सहल म्हटलं नसतं. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुलं थर्माकोलच्या पत्र्यांवर बसून, हाताने पाणी मारत शाळेत जायची. सापांना हाकलायला हातात बांबूच्या काठ्या. धरणाचं पाणी वाटेत आल्यावर त्यांना दुसरी जवळची वाट उरली नव्हती. २०२३ मध्ये ही बातमी देशभर गेली आणि औरंगाबाद खंडपीठाने तिची स्वतःहून दखल घेतली. नाथसागरावरून पाहुण्याला फिरवणाऱ्या गाईडने भिव धानोरा वगळला तर त्याने तळं दाखवलं, पण तळ्याचा इतिहास दाखवला नाही असंच मी म्हणेन. सातवाहन दोन हजार वर्षांपूर्वीचे. ही मुलं आजची.

राहता राहिली ती पैठणच्या घाटाची नदी. ती अधूनमधून परत येते. धरण भरलं आणि वरून नाशिकचं पाणी येतच राहिलं की दरवाजे उचलतात. तेव्हा कोरडं पात्र काही तासांत भरतं, नागघाटाच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये तर पाणी गावात शिरलं होतं. गावातली माणसं पुलावर येऊन उभी राहतात, म्हातारी माणसं पोरांना बोटाने दाखवतात, "गोदा अशी असायची." ते चार-सहा दिवस घाट आणि नदी पुन्हा एका जागी असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत भोंगा वाजवून सांगतात की काठावर कुणी थांबू नये, पाण्यात नाव घालू नये.